"हायेस्ट म्हणायचं आणि लोएस्ट पॉवर घ्यायची, हे कसं काय?"

पत्र थोडक्यात असं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलंय. मुलगा आठवीत, सेमी-इंग्लिशला. सहावी-सातवीत मसावि-लसावि (महत्तम सामाईक विभाजक, लघुतम सामाईक विभाज्य) बरं जमायचं, आता बीजगणितात अवयव पाडायला आले आणि गाडी अडली. चाचणीत १२क्ष^२य + १८क्षय^२ याचे अवयव त्याने ३क्षय(४क्ष + ६य) असे पाडले, अर्धेच मार्क मिळाले. क्लासचे सर म्हणतात आकड्यांचा एचसीएफ (हायेस्ट कॉमन फॅक्टर, म्हणजे मसाविच) काढा, अक्षराची लहान पॉवर घ्या, संपलं. शाळेच्या मॅडमना मूळ अवयव सगळे मांडून हवेत. वडील त्यांच्या वेळची भागाकाराची रीत शिकवायला बसतात आणि दहा मिनिटांत आवाज चढतो. मुलाने क्लासमध्ये एकदा विचारलं, "सर, हायेस्ट म्हणतो मग लोएस्ट पॉवर का घेतो?" उत्तर मिळालं, "नियम आहे, तसं लिही." आता तो म्हणतो मला मॅथ्स येतच नाही. आई बी.ए. झालेल्या, गणित दहावीलाच सुटलेलं. त्यांना विचारायचंय की तिघांपैकी कुणाची रीत धरायची, क्लास बदलायचा का, आणि पोराचं गणित मुळातच कच्चं आहे का.

(टाइप करताना घात वर चढवता येत नाही, म्हणून क्ष^२ म्हणजे क्षचा वर्ग, क्ष^३ म्हणजे घन, असं वाचा. मुलाच्या पुस्तकात एक्स-वाय असतील, मी जुन्या सवयीने क्ष आणि य लिहितेय.)

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण बाकीचं वाचताना तुमचं सगळं लक्ष तिथेच असणार. नाही, कच्चं नाहीये. हायेस्ट म्हणून लोएस्ट का घेतो हे ज्याला खटकतं त्या मुलाचं डोकं जागेवर आहे. मी वर्गात बरीच वर्षं काढलीत, बहुतेक मुलं हा नियम निमूट पाठ करतात, मार्कही मिळवतात, त्यात काही उलटसुलट आहे हे त्यांच्या गावीही नसतं. तुमच्या मुलाच्या ते लक्षात आलं, त्याने विचारलंही, फक्त उत्तर मिळालं नाही. ते उत्तर तुम्ही घरी देऊ शकता, बी.ए. असलात तरी, पुढे सांगतेच.

आधी तो पेपर बघू, कारण मला वाटतं सगळ्यांनी मिळून त्या अर्ध्या मार्कांचा अर्थ चुकीचा लावलाय. त्याने लिहिलेलं ३क्षय(४क्ष + ६य) हे चूक नाहीये. खरंच नाही, पडताळून बघा. क्षच्या जागी २ ठेवा आणि यच्या जागी ३. मूळ राशी होते १२ × ४ × ३ म्हणजे १४४, अधिक १८ × २ × ९ म्हणजे ३२४, एकूण ४६८. आता त्याचं उत्तर, ३ × २ × ३ म्हणजे १८ आणि कंसात ८ + १८ म्हणजे २६, अठरा गुणिले सव्वीस, परत ४६८. म्हणजे त्याने बाहेर काढलेला अवयव खरोखर दोन्ही पदांत आहे, कंसात उरलेलंही बरोबर आहे. तो फक्त लवकर थांबला.

हे थांबणं काय असतं ते असं समजा की तुमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ४८ तिळाच्या वड्या आहेत आणि ७२ चॉकलेटं, पाकिटं करायचीत, प्रत्येक पाकिटात सगळं सारखं आलं पाहिजे आणि मागे काही उरता कामा नये. तुम्ही १२ पाकिटं केलीत, प्रत्येकात ४ वड्या ६ चॉकलेटं. बसलं सगळं, काही उरलं नाही. पण कुणीतरी एक पाकीट उघडून बघतं आणि म्हणतं अहो हे तर अजून दोघींत वाटता येईल की, २ वड्या ३ चॉकलेटं अशी दोन होतील याची. मग पाकिटं झाली २४. आता २ आणि ३, यांच्यात सारखं वाटण्यासारखं काही राहिलं नाही, आता थांबायचं. हा २४ म्हणजे ४८ आणि ७२ चा मसावि, आणि तो सगळ्यात मोठा आहे याचा पुरावा पाकिटाच्या आत आहे, २ आणि ३ मध्ये १ सोडून काही सामाईक नाही.

तुमच्या मुलाने १२ पाकिटांवर काम थांबवलं, बस. त्याच्या कंसात ४क्ष + ६य आहे, ४ आणि ६ अजून दोनाने जातात, तो २ बाहेर आणला की ६क्षय(२क्ष + ३य) होतं. हवं तर परत क्ष २ आणि य ३ घालून बघा, ३६ गुणिले १३, तेच ४६८. त्यामुळे आकडे घालून बघण्याने गणित चुकलं नाही एवढंच कळतं, पूर्ण झालं की नाही हे कळत नाही, ते कंसात डोकावूनच कळतं.

आणि इथे एक गोष्ट शिक्षकही बऱ्याचदा सांगत नाहीत, की मसावि एका फटक्यात दिसलाच पाहिजे असं काही नाही. १२ आणि १८ बघून ६ डोळ्यांसमोर आला तर उत्तम, नाही आला तर आधी ३ काढा, मग आत बघा, २ दिसेल, तोही काढा, ३ × २ म्हणजे ६. दोन पायऱ्या झाल्या म्हणून कुणी मार्क कापत नाही. मुलं मात्र घाबरून बसतात की आपल्याला "सगळ्यात मोठा" एकदम दिसत नाही म्हणजे आपल्याला येत नाही, आणि मग जे पहिलं सुचेल ते लिहून मोकळी होतात. त्याला फक्त एक सवय लावायची, बाहेर काढलं की पेन न ठेवता विचारायचं, आत अजून काही कॉमन उरलंय का.

आता त्याचा तो प्रश्न, हायेस्ट तर लोएस्ट का. १८क्ष^३य^२ आणि २४क्ष^२य^५ ही दोन पदं घ्या आणि घात मोडून कागदावर सरळ लांब लिहा, लाज वाटू देऊ नका:

२ × ३ × ३ × क्ष × क्ष × क्ष × य × य
२ × २ × २ × ३ × क्ष × क्ष × य × य × य × य × य

आता वर आणि खाली दोन्हीकडे जे आहे ते एकेक करून गोल करायचं. एक २, एक ३, दोन क्ष, दोन य. तिसरा क्ष गोल करायला जा, खालच्या ओळीत तो नाहीच, मग तो दोघांचा कसा होणार? म्हणजे क्ष^२ ही लहान पॉवर आपण आवडीने घेत नाही, दोघांतून काढता येतील असे जास्तीत जास्त क्ष तेवढेच आहेत, ज्याच्याकडे कमी तोच हद्द ठरवतो. मसावि आला ६क्ष^२य^२, आणि ह्याच्यापेक्षा मोठा दोन्ही पदांना पूर्ण भागत नाही, म्हणून हायेस्ट. सातवीत त्याने ८ आणि ३२ चा मसावि ८ काढलाच असेल, तेव्हा काही खटकलं नसेल, पण ८ म्हणजे दोनाचा तिसरा घात आणि ३२ म्हणजे पाचवा, तिथेही लहान पॉवरच घेतली होती की. हे त्याला दाखवा, बहुतेक तो स्वतःच म्हणेल अरे हो.

क्लासच्या सरांचा नियम बरोबर आहे, पण तो नुसता पाठ केला की एका ठिकाणी हमखास दगा देतो. १५क्ष^२य, २०क्ष^३ आणि २५क्षय^३, तीन पदं. क्षची लहान पॉवर १, ठीक. यची? मुलं बघतात एकीकडे य आहे एकीकडे य^३ आहे, लहान पॉवर १, म्हणून लिहितात ५क्षय. पण मधल्या पदात य नाहीच! मोडून लिहिलं असतं तर त्या ओळीत गोल करायला य सापडलाच नसता. उत्तर नुसतं ५क्ष. जे अक्षर एका जरी पदात गायब असेल ते मसावित येत नाही, आणि माझ्या अनुभवात आठवीच्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क या जागी जातात, त्याच्या खालोखाल त्या कंसातल्या हरवलेल्या १ मुळे. ६क्ष^२ + ६क्ष मधून ६क्ष बाहेर काढला की मुलं लिहितात ६क्ष(क्ष), कारण त्यांना वाटतं दुसरं पद सगळंच बाहेर गेलं, आत काय उरणार. १ उरतो. ६क्ष(क्ष + १). दोन पदं होती तर कंसातही दोनच पदं पाहिजेत, हे मोजायला बीजगणित लागत नाही, तुम्ही भाजी निवडता निवडता वहीकडे बघून सांगू शकता.

म्हणजे तिघांपैकी कुणाची रीत? ताई, तुम्ही धरून चाललायत की तिघं तीन वेगळ्या गोष्टी शिकवतायत. मला तसं दिसत नाही. मॅडमची रीत म्हणजे वर जे मोडून लिहिलं तेच, ती समजण्यासाठी. सरांची रीत त्याचाच शॉर्टकट, एकदा समजलं की वापरण्यासाठी. शाळेच्या पेपरात मॅडमना हव्या तशा पायऱ्या लिहायच्या, कारण मार्क पायऱ्यांना असतात, यावर घरात वाद घालू नका.

आणि मिस्टरांची भागाकाराची रीत, तिला मात्र घरात उगाच कमी लेखलं जातंय असं तुमच्या पत्रावरून वाटलं. मुलाला २०९ आणि २४७ चा मसावि काढायला द्या. दोनाने जात नाही, तीनाने नाही, पाचाने नाही, सातानेही नाही, बहुतेक मुलं इथे कंटाळून १ लिहितात आणि सहमूळ (१ सोडून सामाईक काही नसलेल्या) म्हणून मोकळी होतात. आता वडिलांना करू द्या. २४७ ला २०९ ने भागा, बाकी ३८. आता २०९ ला ३८ ने भागा, बाकी १९. ३८ ला १९ ने भागा, बाकी शून्य. संपलं, मसावि १९. एकही मूळ अवयव शोधावा लागला नाही. जे दोन्ही संख्यांना पूर्ण भागतं ते त्यांच्या बाकीलाही भागतंच, म्हणून प्रत्येक पायरीला संख्या लहान होत जातात आणि सामाईक भाग मात्र हातातून सुटत नाही. युक्लिडने ही रीत इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहून ठेवलीय आणि आपल्याकडे ११५० सालच्या लीलावतीत भास्कराचार्य कुट्टकाच्या (पूर्णांकात उत्तर हवं असलेल्या समीकरणांच्या) प्रकरणात हेच सांगतात, दोन संख्या एकमेकींना भागत राहा, शेवटी जो शेष राहतो त्यानेच दोघींना निःशेष भाग जातो. हे मिस्टरांना वाचून दाखवा, खूश होतील.

फक्त ह्या रीतीची जागा आकड्यांपुरती. आठवीच्या अवयवांत अक्षरांना ती लावायला जाऊ नका, सहगुणक, म्हणजे अक्षरांआधीचे आकडे, मोठे असले तर तेवढ्यापुरती वापरायची, अक्षरं नुसती मोजायची. आणि त्यांना एक विनंती माझ्यातर्फे, "एवढं सोपं आहे" हे वाक्य त्या टेबलावर नको. बापाला सोपं वाटणारं आपल्याला येत नाही हे ऐकलं की आठवीतलं पोर पुढचं काही ऐकत नाही, मग रीत युक्लिडची असली तरी.

क्लासचं काय. तुमच्या मनात बदलायचं जवळजवळ ठरलंय असं दिसतं, पण थांबा जरा. वर्षाच्या मधे क्लास सोडला तर भरलेली फी बहुतेक बुडते, नवीन सर भलत्याच धड्यावर असतात, आणि मुलाला वाटतं माझ्यामुळे हे सगळं झालं. "नियम आहे, तसं लिही" हे वाक्य वाईटच, पण पोर्शन संपवायची घाई असलेल्या माणसाच्या तोंडून ते एकदा निघालं म्हणून तो शिक्षक वाईट ठरत नाही. क्लास सुटल्यावर सरांना भेटा, तक्रारीच्या सुरात नको, वही उघडून फक्त एवढं विचारा की ह्याला असे प्रश्न पडतात, ते कधी विचारायचे. "शनिवारी पाच मिनिटं आधी पाठवा" असं काही म्हणाले तर राहू दे तिथेच. "एवढ्या मुलांत एकेकाला कुठे वेळ देऊ" म्हणाले तर मग सत्र संपेपर्यंत काढा आणि दिवाळीनंतर बघा. मधल्या काळात गल्लीत अकरावी-बारावी सायन्सची एखादी ताई असतेच, आठवड्यातून दोनदा तासभर तिच्याकडे बसला तरी पुष्कळ, आणि तिला "हे असं का" विचारायला त्याला भीती वाटणार नाही. क्लासमधून आणलेली वहीही एकदा चाळा, चुकलेल्या गणितावर नुसती फुली असते की कुठे चुकलं ते लिहिलेलं असतं, त्यावरून मला वाटतं क्लासबद्दल बरंच कळतं.

दुसरी एक शंका आहे, ती तपासून बघा. कधीकधी बीजगणित अडलंय असं दिसतं आणि खरं अडलेलं असतं पाढ्यांत. त्याला तोंडी विचारा, ५१ कशाने जातात? "मूळ संख्या आहे" म्हणाला तर विभाज्यतेच्या कसोट्या परत करायला लागतील, ५ आणि १ मिळून ६, तीनाने जातात, सतरा त्रिक एकावन्न. ९१ पण विचारा, सात तेरे एक्याण्णव, तिथे मोठे मोठे फसतात. हे अडत असेल तर क्लास बदलून, सर बदलून काही उपयोग नाही, आठवडाभर रोज रात्री जेवताना दोन-चार संख्या विचारल्या की होतं ते. असंच ५१ आणि ६८ चा मसावि विचारा, आणि त्याला सांगा की दोन संख्यांचा मसावि त्यांच्या फरकाला भागतोच, फरक १७, म्हणजे उत्तर १७ किंवा १, तिसरं काही शक्यच नाही. १७ ने दोन्ही जातात. ही युक्ती मुलांना फार आवडते, जादू केल्यासारखं वाटतं त्यांना.

ह्याच विषयावर इतरही पालकांची पत्रं येतात म्हणून भराभर दोन-तीन गोष्टी. एचसीएफ, जीसीएफ, जीसीडी, मसावि, सगळं एकच, व्हिडिओत वेगळं नाव ऐकून मुलं गोंधळली तर सांगून टाका. शाब्दिक उदाहरणात मसावि की लसावि कळत नसेल तर उत्तर दिलेल्या आकड्यांपेक्षा लहान येणार की मोठं याचा अंदाज आधी करायला सांगा. स्टँडवरून एक गाडी दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते, आत्ता दोन्ही एकदम सुटल्या, परत एकदम कधी? १२ मिनिटांच्या आत तर शक्यच नाही, म्हणजे लसावि, ३६. आणि मसावि गुणिले लसावि म्हणजे संख्यांचा गुणाकार, हे फक्त दोन संख्यांना बिनधास्त वापरायचं, तीनला नाही, २, ४ आणि ६ घेऊन बघा, मसावि २, लसावि १२, गुणाकार २४, आणि तिन्हींचा गुणाकार ४८. सामाईक काहीच सापडलं नाही तर मसावि १ लिहायचा, शून्य नाही, "नाही" पण नाही.

तुमच्याकडे परत येते. तुम्हाला गणित येत नाही म्हणून तुम्ही बाजूला बसलायत, पण घरात ज्याला उत्तर माहीत नाही असं एक माणूस ह्या मुलाला हवंच आहे. रोज पंधरा मिनिटं, चारच गणितं, आणि तो तुम्हाला शिकवणार, तुम्ही फक्त तीन गोष्टी विचारायच्या. बाहेर काढलंस ते प्रत्येक पदात आहे का? आत पदं तेवढीच आहेत का? आत अजून काही कॉमन उरलंय का? त्याने हो-नाही म्हणताना मांडणी दाखवली पाहिजे, नुसती मान हलवून चालणार नाही. रविवारी तो आणि वडील मोठ्या आकड्यांची भागाकारवाली दोन करतील, तुम्ही तेव्हा चहा घ्या.

सुरुवातीला ही चार द्या. ४५ आणि ७५ चा मसावि. १४क्ष^३य आणि २१क्ष^२ चा मसावि. १०क्ष^२ + ५क्ष चे अवयव. आणि ९य − १६क्ष मधून सामाईक बाहेर काढ. पहिल्याचं उत्तर १५, ५ वर थांबला तर उरलेले ९ आणि १५ त्याच्यासमोर ठेवा. दुसऱ्याचं ७क्ष^२, य आला तर परत मोडून लिहायला लावा. तिसऱ्याचं ५क्ष(२क्ष + १). चौथ्यात काहीच बाहेर निघत नाही, ९ आणि १६ सहमूळ आहेत आणि अक्षरंही वेगळी, पण हे त्याला आधी सांगू नका, त्याने स्वतः येऊन "आई, ह्यात काही निघतच नाहीये" म्हणेपर्यंत वाट बघा.